स्टेशनाबाहेरचा रस्ता

ऑक्टोबर २०२५मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्थानकावरची पाटी बदलली. शहराचे नाव २०२३मध्येच बदलले होते. आता स्थानकाचेही बदलले आणि तिकिटावर ‘सीपीएसएन’ हा नवा संकेत आला. फलाटाची जागा मात्र १९०० सालापासून तीच आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या राजवटीत मनमाडहून हैदराबादकडे निघालेली गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन इथे पोचली आणि गावकुसाबाहेर, दक्षिणेला, हे स्टेशन उभे राहिले. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले. अलीकडे वर विजेच्या तारा आल्या, वंदे भारत आली. सव्वाशे वर्षांत गाडीने येणाऱ्या माणसासाठी जे काही झाले ते फलाटाच्या हद्दीत झाले. तो फलाट सोडून बाहेर पडला, की त्याच्या पायांचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

देवगिरी एक्सप्रेस पहाटे येते, मुंबईहून निघालेली तपोवन दुपारी येते, आणि दोन्ही वेळी बाहेर एकच दृश्य असते. रिक्षांचा गराडा, त्यातून वाट काढणारी कुटुंबे, हातात बोचकी घेतलेले घाटी दवाखान्याचे पेशंट, विद्यापीठात निघालेली मुले. सगळे रिक्षात बसतात. अंतर फार असते म्हणून बसतात असे नाही. पायी निघालेल्याला धड फुटपाथ सापडत नाही, म्हणून बसतात.

गेल्या काही वर्षांत शहरात मेट्रोची चर्चा रंगली आहे. वाळूज आणि शेंद्रा या दोन औद्योगिक टोकांना जोडणारा सुमारे २८ किलोमीटरचा मार्ग, त्यासाठी महामेट्रोने केलेला आराखडा, जालना रोडवर एकाच खांबावर उड्डाणपूल आणि मेट्रो असा दुमजली विचार, नाशिकसाठी सुचवलेली रबरी चाकांची ‘मेट्रो निओ’ इथे चालेल का, हे सगळे वर्तमानपत्रांतून येऊन गेले. खांब कुठे उभे राहणार, खर्च कोण देणार, उड्डाणपूल आधी की मेट्रो आधी, यावर लोकप्रतिनिधी हिरिरीने बोलतात. प्रवासी खाली उतरल्यावर कुठल्या रस्त्यावर पाऊल ठेवणार, हे कोणी विचारत नाही. हलक्या रेल्वेचे यश त्या पहिल्या पावलावर ठरते. मेट्रो असो, ट्राम असो किंवा बस, तिचा प्रवासी आधी आणि नंतर पादचारी असतो. त्याला चालता आले नाही, तर तो घरून निघतानाच दुचाकीची किल्ली घेतो.

म्हणून मेट्रोच्या खांबांआधी या शहराने एक साधे काम करावे. जे स्टेशन आज उभे आहे, तिथून शहरात चालत जाता येईल असे रस्ते करावेत. इथे तर त्या वाटेवर पावलोपावली इतिहास आहे, आणि तो रिक्षातून दिसत नाही.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर पहिला मोठा मोहल्ला पदमपुरा. रोज हजारो लोक हे नाव उच्चारतात, पण ते एका राजपूत सरदाराचे आहे हे थोड्यांना ठाऊक असते. बिकानेरचे राजे करणसिंह मुघलांच्या बाजूने दख्खनच्या मोहिमांवर होते. त्यांची छावणी जिथे पडली तो कर्णपुरा, आणि त्यांचे पुत्र पदमसिंह यांच्या नावाचा पदमपुरा. करणसिंह १६६९मध्ये इथेच वारले. पलीकडे बेगमपुऱ्याच्या अंगाला जयसिंगपुरा आहे. औरंगजेबाच्या काळात या गावाभोवती सरदारांच्या नावांचे असे अनेक पुरे वसले. तंबूंची जागा वाड्यांनी घेतली, वाड्यांची अपार्टमेंटनी घेतली, नावे मात्र टिकली. राजस्थानातला वारसा शोधायला इथली माणसे जयपूर-बिकानेरची तिकिटे काढतात. त्या इतिहासाचा एक धागा स्टेशनापासून पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

कर्णपुऱ्यातले तुळजाभवानीचे देऊळ करणसिंहांनी उभारल्याचे सांगतात. नवरात्रात तिथे यात्रा भरते तेव्हा अख्खे शहर पायी निघते. पहाटे तीनला बायका घोळक्याने चालत येतात, अनेकजणी अनवाणी. पाळणे, बत्तासे, बांगड्यांची दुकाने, पोलिसांचे बांबू, वळवलेली वाहतूक. दसऱ्याला बालाजीचा रथ निघतो. त्या नऊ-दहा दिवसांत पंचवटी चौकाचा परिसर माणसांच्या चालण्यासाठी मोकळा होतो आणि शहराचे काही बिघडत नाही. या शहराला चालणे शिकवायची गरज नाही. सणासुदीला ते चालतेच. उरलेल्या दिवसांसाठी त्याला जागा हवी आहे.

स्टेशनावरून शहरात जायच्या दोन वाटा आहेत. एक उस्मानपुरा, क्रांती चौक, पैठण गेट अशी बाजाराकडे जाते. दुसरी महावीर चौक, मध्यवर्ती बसस्थानक, मिल कॉर्नर अशी पाणचक्कीकडे. महावीर चौकाला आजही निम्मे गाव बाबा पेट्रोल पंप म्हणते, रिक्षावाल्यालाही तेच नाव कळते.

पहिली वाट बाजाराची. उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर, जवळच तारा पान हे पानाचे दुकान, जिथे रात्री उशिरापर्यंत गर्दी असते. पुढे क्रांती चौक. याला पूर्वी काळा चबुतरा म्हणत. जून १८५७मध्ये इथल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात बंड झाले, इंग्रजांनी ते मोडले आणि बंडवाल्या शिपायांना तोफेच्या तोंडी दिले, फासावर लटकवले. त्या जागेची आठवण काळा चबुतरा या नावात राहिली, आणि पुढे चौकाला क्रांतीचे नाव मिळाले. फेब्रुवारी २०२२मध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांचा नवा भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला. तो डोळे भरून पाहायचा तर थांबायला हवे, आणि थांबायचे तर चौक आधी ओलांडायला हवा. उड्डाणपुलाखालून, चारी बाजूंनी सुटणाऱ्या वाहनांतून म्हाताऱ्या माणसाने लहान नातवाचे बोट धरून पुतळ्यापर्यंत कसे पोचायचे, याचे उत्तर या चौकाने अजून दिलेले नाही. महाराजांच्या पुतळ्यापाशी जाण्याची वाट सुखाची असणे हा त्या पुतळ्याच्या मानाचाच भाग आहे.

क्रांती चौकातून पैठण गेटकडे वळले की हळूहळू जुने शहर सुरू होते. पैठण गेट हा शहराच्या चार मुख्य दरवाजांपैकी एक. दिल्ली, जालना आणि मक्का हे बाकीचे तीन. १६८२मध्ये औरंगजेबाने तटबंदी बांधली. बावन्न दरवाजांचे शहर ही ख्याती त्यानंतरची. आज त्यांतले मोजकेच उभे आहेत. गेटातून आत गेले की टिळक पथ, गुलमंडी, सुपारी हनुमान, मछली खडक, सिटी चौक, सराफा. गुलमंडीवरची इमरती खाल्ल्याशिवाय जुन्या लोकांचा बाजार पुरा होत नाही. शहागंजला जावे तर निजामाच्या काळातला घड्याळाचा मनोरा, आणि बुढ्ढी लेनच्या बाजूला नान-खलिया. मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलवली तेव्हा फौजेसाठी मोठ्या भट्ट्यांत नान भाजत आणि मोठ्या देगांत खलिया शिजत, असे इथले खानसामे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. राजाबाजारात संस्थान गणपती, शहराचे ग्रामदैवत. नवाबपुऱ्याकडे हिमरूचे माग. रेशीम आणि सूत यांची ही वीण विणणारी घरे आता फार थोडी उरली आहेत.

हे सगळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, कारण हे शहर चालणाऱ्यांसाठी वसले होते. गल्ल्या अरुंद आहेत ही आज तक्रार असते. पण मराठवाड्यातल्या मे महिन्यात, पारा चाळीसच्या वर असताना, अरुंद गल्लीत दुपारीही एका बाजूला सावली मिळते. पन्नास-साठ फुटी रस्त्यावर, झाडे तोडून डांबर पसरलेल्या जागी, ती मिळत नाही. रुंदीकरणाचा निर्णय घेणाऱ्यांनी कधी मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता रंगार गल्लीतून आणि मग जालना रोडवरून चालून पाहावे.

या बाजारात एक चांगला प्रयत्न झाला होता. केंद्र सरकारच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ उपक्रमात इथल्या स्मार्ट सिटीने पैठण गेट ते गुलमंडी आणि क्रांती चौक ते गोपाल टी असे रस्ते पादचाऱ्यांसाठी नव्याने आखायला घेतले. रंग लावले, बसायला जागा केली, गाड्यांना मागे सारायचा प्रयत्न केला. गुलमंडीच्या व्यापाऱ्यांनी नाराजी दाखवली. त्यांची भीती खोटी ठरवून उडवून लावण्याजोगी नाही. दुकानासमोर गाडी उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक मॉलमध्ये जाईल, असे त्यांना वाटते. पण दुकानासमोर दिवसभर उभ्या असलेल्या दुचाकी बहुतेकदा गिऱ्हाइकांच्या नसतात, शेजारच्या दुकानांतल्या मालकांच्या आणि नोकरांच्या असतात, हे व्यापारीही जाणतात. पुण्यात महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा केला. आधी तिथेही शंका होत्या. त्या दिवशी रस्त्यावर माणसे मावत नव्हती, आणि नंतरच्या वर्षांतही हा दिवस पाळला गेला. पुणे महापालिकेचे पादचारी धोरण २०१६चे आहे. संभाजीनगरला असे लेखी धोरण असले, तर एखादा आयुक्त बदलला म्हणून रंगवलेला रस्ता पुन्हा पार्किंग होणार नाही.

दुसरी वाट मात्र खरी श्रीमंत आहे.

मिल कॉर्नर हे नाव जुन्या कापड गिरणीचे. एका बाजूला भडकल दरवाजा, मलिक अंबरने १६१२मध्ये मुघलांवरच्या विजयाच्या स्मरणार्थ बांधलेला, शहराच्या दरवाजांतला सर्वांत मोठा. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा वजीर झालेला हा माणूस. त्याने १६१०मध्ये खडकी या गावाला राजधानी केले आणि आजच्या शहराचा पाया घातला. पुढे खडकीचे फतेहनगर झाले, १६५३नंतर औरंगाबाद झाले, आता छत्रपती संभाजीनगर. खडकेश्वराचे देऊळ जुन्या खडकीची आठवण ठेवून आहे. भडकल दरवाजासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला इथे पाय ठेवायला जागा नसते. एका हबशी वजिराने बांधलेल्या कमानीसमोर भारतीय संविधानाच्या शिल्पकाराचा पुतळा. हे सांगणारा एक नीट फलक आणि त्याच्यापुढे उभे राहायला दहा फूट मोकळी जागा, एवढे तरी तिथे असायला हवे.

बारापुल्ला दरवाजातून पलीकडे गेले की नागसेनवन लागते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय १९५०मध्ये सुरू झाले. इमारतीची पायाभरणी १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. ज्या मराठवाड्यात तोवर निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षण हैदराबादेकडे पाहत बसले होते, तिथल्या खेड्यापाड्यांतली दलित मुले रेल्वेने आणि बसने येऊन या झाडांखाली शिकली. त्यांतले अनेक पुढे लेखक, प्राध्यापक, चळवळीचे कार्यकर्ते झाले. मराठी दलित साहित्याचा इतिहास लिहायचा तर मिलिंदच्या आवाराला वळसा घालून जाता येत नाही. नागसेनवनात सावली आहे, शांतता आहे, बांधकामात साधेपणा आहे. शहराला भेट देणाऱ्यांच्या यादीत वेरूळ असते, अजिंठा असतो, मकबरा असतो, नागसेनवन नसते. ते असायला हवे, आणि तिथे पायीच जायला हवे.

खाम नदीच्या काठाने पुढे पाणचक्की. बुखाऱ्याकडून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचे हे आवार. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे पाणी काही किलोमीटर मातीच्या नळांतून आणून ते उंच खांबातून चढवले, मग हौदात पाडले, आणि त्या पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर जाते फिरवले. त्यावर दळलेल्या पिठाच्या भाकऱ्या मुसाफिरांना आणि फकिरांना मिळत. मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, त्यामुळे उन्हाळ्यात ते दालन गार राहते. मलिक अंबरच्या नहर-ए-अंबरी या पाणीयोजनेपासून सुरू झालेली ही जलविद्या. जे शहर आज जायकवाडीच्या पाण्यासाठी नळाकडे डोळे लावून बसते, त्या शहराची मुले शाळेच्या सहलीत इथे येतात तेव्हा त्यांना सेल्फीपलीकडे हे यंत्र कसे चालते ते कोणी तरी उलगडून सांगावे.

पाणचक्कीच्या लगतच महमूद दरवाजा, पुढे घाटीच्या पलीकडे मकाई, म्हणजेच मक्का, दरवाजा. दोन्ही खामवरच्या पुलांना जोडलेले, दोन्हींच्या कमानी एका वेळी एकच मोटार जाईल एवढ्या. या कमानींतून दुचाकी, रिक्षा, रुग्णवाहिका आणि पादचारी एकाच वेळी घुसतात. शेकडो वर्षांच्या दगडाला गाड्यांचे कोपरे लागतात, आणि चालणारा भिंतीला चिकटून उभा राहतो. दरवाजांची डागडुजी स्मार्ट सिटीने केली, ते कौतुकाचेच काम. पण ज्या दरवाजातून निर्धास्त चालत जाता येत नाही, तो लोकांच्या मनात वारसा न राहता वाहतुकीचा अडथळा होतो. ‘हे पाडून टाका’ अशी भाषा तिथूनच सुरू होते. वाहनांना बाजूच्या पुलाने न्यायचे आणि कमान फक्त पायी जाणाऱ्यांना द्यायची, हा उपाय प्रत्येक दरवाजाला लावता येण्याजोगा आहे.

घाटी हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. महाविद्यालय १९५६चे, पण रुग्णालयाला सगळा मराठवाडा घाटी याच नावाने ओळखतो. परभणी, जालना, हिंगोलीपासून लोक उपचारासाठी येतात. पेशंट रिक्षाने आत जातो. त्याच्याबरोबर आलेले नातेवाईक पुढचे आठ-दहा दिवस इथेच असतात. गोळ्या आणायला, डबा आणायला, झेरॉक्स काढायला ते दिवसातून कितीदा तरी बाहेर पडतात, आणि चालतच जातात. फुटपाथचा विषय निघाला की तो पर्यटकांचा किंवा हौशी लोकांचा समजला जातो. या शहरात सर्वांत जास्त चालणारी माणसे ही आहेत. त्यांना चालण्यावाचून पर्याय नाही, आणि त्यांच्यासाठी कुणी निवेदन घेऊन महापालिकेत जात नाही.

बेगमपुऱ्यातून पुढे बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची कबर, सतराव्या शतकाच्या मध्यावरची. अताउल्ला हा वास्तुकार, हंसपतराय हा अभियंता. त्याही पलीकडे विद्यापीठ, २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याच्या मागणीसाठी मराठवाड्याने कित्येक वर्षे संघर्ष पाहिला, घरे जळाली, माणसे गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या कमानीपाशी जनसागर लोटतो आणि त्यांतले बरेचसे लोक शहराच्या रस्त्यांवरून पायीच येतात. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात सहाव्या-सातव्या शतकांतली बौद्ध लेणी. स्टेशनापासून लेण्यांपर्यंत एका सकाळी चालत जाता येते, आणि त्या एका सकाळीत राजपूत, हबशी, सूफी, मुघल, आंबेडकरी आणि बौद्ध असे सगळे थर पायांखालून जातात. महाराष्ट्रातल्या फार थोड्या शहरांत हे शक्य आहे.

तरीही हे अंतर चालून गेलेला माणूस भेटणे कठीण, कारण मध्ये जे आहे ते धोक्याचे आहे. देशात २०२२मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक मेले आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. जवळजवळ दर पाच मृतांमागे एक, जो कुठलीच गाडी चालवत नव्हता. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगे फुटपाथ मिळणे हा संविधानाच्या कलम २१मधल्या जगण्याच्या अधिकाराचा भाग असल्याचे म्हटले आणि राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक सूचना करायला सांगितले. इंडियन रोड्स काँग्रेसची मानके सांगतात की फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, बाजाराच्या रस्त्यावर अडीच मीटर. ही मापे घेऊन कोणी स्टेशन रोडवर टेप धरला, तर काही ठिकाणी मोजायला फुटपाथच सापडणार नाही. जिथे सापडेल तिथे त्याच्या मधोमध विजेचा डीपी, झाडाचा उघडा खड्डा किंवा दुकानाची पायरी असेल.

२०२५च्या पावसाळ्यात महापालिकेने मोठ्या रस्त्यांवर जंगी अतिक्रमण-हटाव मोहीम राबवली. जालना रोड, पैठण रोड, मुकुंदवाडी परिसर इथे घरे-दुकाने पडली, अनेकांचे संसार उघड्यावर आले. जागा रिकामी झाली. एवढी किंमत देऊन मिळालेल्या जागेचा पहिला हक्क चालणाऱ्याचा असला पाहिजे. तिथे आणखी एक लेन डांबरली गेली, तर ज्यांचे छप्पर गेले त्यांच्या त्यागातून फक्त गाड्यांचा वेग वाढेल. रुंद केलेल्या प्रत्येक रस्त्याच्या आराखड्यात फुटपाथ, झाडांची रांग, सिटी बसचा थांबा आणि हातगाडीवाल्यांची आखलेली जागा आधी काढावी, मग उरलेली रुंदी गाड्यांना द्यावी. हातगाडीवाल्यांना यातून हुसकावून चालणार नाही. रस्त्यावर माणसांचा वावर, उजेड आणि चहाची टपरी असेल तरच संध्याकाळी सातनंतर एकटी मुलगी तिथून निर्भयपणे चालते.

जुन्या शहराखालून किंवा वरून रेल्वे गेली की काय होते, ते पुण्यात दिसले. सप्टेंबर २०२४मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई अशी स्थानके पेठांच्या पोटात उघडली. पुढच्या गणेशोत्सवात मंडईला उतरून तुळशीबाग, दगडूशेठ, कसबा गणपती पायी करणाऱ्या लोकांचे लोंढे वाहिले, अनंत चतुर्दशीला रात्रभर गाड्या धावल्या. मेट्रो यशस्वी ठरली कारण स्थानकापासून जिथे जायचे ती ठिकाणे चालण्याच्या अंतरावर होती. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गने १९९४मध्ये ट्राम सुरू केली, पण शहराच्या मधल्या चौकातून मोटारी त्याआधीच, १९९२मध्ये, बाहेर काढल्या. मुंबईने ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावू दिली आणि रस्ता मोटारींना मोकळा करून दिला; पुढे त्याच शहराने अब्जावधी खर्चून गिरगाव-काळबादेवीखालून बोगदे काढून रेल्वे परत आणली.

संभाजीनगरात मेट्रो येईल तेव्हा येईल. पण शहराच्या पोटातून आजही रूळ जातो, याकडे कोणाचे लक्ष नाही. पश्चिमेला दौलताबाद, मग मुख्य स्थानक, मग सिडकोला लागून असलेले मुकुंदवाडी, विमानतळाजवळचे चिकलठाणा, आणि शेंद्रा-ऑरिकच्या शेजारचे करमाड. एका रेषेत किल्ला, जुने शहर, सिडको, विमानतळ आणि नवे औद्योगिक शहर. मनमाडकडच्या मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी आहे. एकेरी रुळावर आज जागा नाही हे खरे, पण दुसरा रूळ करमाडपर्यंत पडल्यावर याच मार्गावर कामगारांच्या पाळीच्या वेळा धरून छोट्या डब्यांची शटल चालवता येईल. वाळूज या रुळावर येत नाही. त्यासाठी बस लागेल, कदाचित पुढे मेट्रोही. पण शेंद्र्याच्या कामगाराला तोवर ताटकळत ठेवण्याचे कारण नाही. मुकुंदवाडीला उतरलेला माणूस चालत सिडकोत शिरू शकला, तर त्या शटलला प्रवाशांची वाण पडणार नाही.

डिसेंबर २०१८मध्ये सिटी बसचे नव्याने उद्घाटन झाले तेव्हाही हाच धडा मिळायला हवा होता. बस चांगल्या होत्या. थांब्यापर्यंत पोचायचा रस्ता जुनाच राहिला.

पहिले पाऊल लहान आणि स्वस्त आहे. नवरात्रात कर्णपुऱ्यासाठी पंचवटी चौकाकडची वाहतूक वळवली जातेच. त्याच दिवसांत महापालिका, रेल्वे आणि वाहतूक पोलिसांनी मिळून स्टेशन ते मिल कॉर्नर आणि स्टेशन ते पैठण गेट या दोन्ही वाटांवर माणसे मोजावीत. दर तासाला किती चालतात, त्यांत बायका किती, मुले किती, कुठल्या ठिकाणी फुटपाथ संपून लोक रस्त्यावर उतरतात, रस्ता ओलांडायला किती वेळ थांबावे लागते. ही मोजणी स्थानकाच्या पुनर्विकासाच्या नकाशाला आणि महामेट्रोच्या अहवालाला जोडावी. स्थानकाच्या दारापासून पदमपुऱ्याच्या तोंडापर्यंतचा पहिला अर्धा किलोमीटर पुढच्या दिवाळीआधी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने बांधून पुरा करावा. तो रस्ता महापालिकेचा की रेल्वेचा, हा हद्दीचा वाद दोन्ही कार्यालयांनी एका बैठकीत मिटवावा, आणि त्या बैठकीला जाताना अधिकाऱ्यांनी स्टेशनापासून चालत जावे.